कमरेला पिस्तूल बाळगायचंय, पण भीती त्याचीच वाटते

काठावरचा
नमस्कार मंडळी. परवाना झाला, प्रशिक्षण झालं, रेंजवर तीन महिने नियमित जातोय. नेम बरा आहे. कुठे बाळगायला परवानगी आहे, कुठे नाही, ते ज्याने त्याने आपापल्या ठिकाणचा कायदा बघून ठरवावं. त्यावर आणि ‘हत्यार हवंच कशाला’ यावर इथे भांडू नका ही विनंती. ते भांडण घरी होऊन गेलंय.

प्रश्न वेगळा आहे. कपड्यांखाली, दिवसभर, अंगावर ठेवायचं तर कुठलं? मला समोरच्या माणसापेक्षा माझ्याच कमरेतल्या वस्तूची जास्त धास्ती वाटते. वाकताना, बसताना, गाडीचा पट्टा लावताना बार निघाला तर? घरात सहा वर्षांचा मुलगा आहे.

हातात घेऊन पाहिलेली तीन: एक स्ट्रायकरवालं (बाहेर घोडा नाही, आतली पिनच ताणून सुटते असं) नाइन एमएम, बाहेर सेफ्टीचा खटका नाही. दुसरं जवळपास तसंच, पण अंगठ्याने खाली-वर करायची सेफ्टी आहे. तिसरं पाच गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्व्हर. मन पहिल्याकडे झुकतंय, पण चेंबर, म्हणजे नळीमागचं गोळीचं घर, रिकामं ठेवून. वेळ आली तर स्लाइड (वरचा सरकता भाग) ओढायची आणि चालवायचं. यात चूक काय आहे सांगा.

बिनधास्त बंड्या
चूक एकच. वेळ येते तेव्हा दुसरा हात मोकळा असतो हे तुम्हाला कोणी सांगितलं? त्या हाताने तुम्ही मुलाला मागे ढकलत असाल, नाहीतर समोरच्याचा हात धरून ठेवला असेल. घाईत स्लाइड अर्धवट ओढली की गोळी अडकते, मग बसा झटकत. ग्लॉक घ्या, गोळी चेंबरमध्ये ठेवा आणि विसरा. १९८२ साली ऑस्ट्रियाच्या लष्कराने ते घेतलं, तेव्हापासून जगभरचे पोलीस तेच लावून फिरतायत. सगळे काय वेडे आहेत?

जुनी खोड
बंड्या, ‘विसरा’ हा शब्द तेवढा मागे घे. बाकीचं बरोबर आहे.

काठावरचे, तुमची भीती चांगली आहे, ती घालवू नका. फक्त ती नेमकी कशाची आहे ते बघा. पिस्तूल आपोआप उडेल ही भीती एक, आणि चाप कशानेतरी दाबला जाईल ही दुसरी. दोन्ही वेगळ्या आहेत, त्यांचे इलाजही वेगळे.

ग्लॉकमध्ये तीन सेफ्ट्या आहेत आणि तिन्ही आपोआप चालतात. चापाच्या मधोमध एक पातळ पातं असतं, ते दाबल्याशिवाय चाप मागे जात नाही. फायरिंग पिनला, म्हणजे गोळीला ठोका देणाऱ्या सळईला, आडवी येणारी एक खुंटी असते. तिसरी पडल्यावर बार निघू नये म्हणून. पण या तिन्ही चाप ओढला की क्रमाने सुटतात. मुद्दाम तशाच केल्यात, संकटात वेगळं काही करावं लागू नये म्हणून. म्हणजे पिस्तूल आपोआप उडणार नाही, पण चाप बोटाने ओढला की शर्टाच्या टोकाने, हे त्याला कळत नाही. आणि तो चाप ओढायला सुमारे अडीच किलोचा जोर पुरतो, तोही थोडंच अंतर चालतो. स्ट्रायकर आतून निम्माअधिक ताणलेला असतोच.

आता डबल ॲक्शनचं घोडा असलेलं पिस्तूल घ्या. वॉल्थरने १९२९ मध्ये पीपी नावाचं पिस्तूल काढलं तेव्हापासूनची ही जात. घोडा खाली बसलेला असतो. पहिल्या गोळीला चाप लांब आणि जड, साडेचार-पाच किलोच्या आसपास. तो आधी घोडा मागे नेतो आणि मग सोडतो. दुसऱ्या गोळीपासून घोडा आधीच ताणलेला, म्हणून चाप हलका. नेमबाजी संपली की डीकॉकर नावाच्या खटक्याने घोडा सुखरूप खाली आणायचा.

यातली खरी गोम चापाच्या वजनात नाही, घोडा बाहेर दिसतो यात आहे. होल्स्टरमध्ये (पिस्तुलाच्या म्यानात) परत ठेवताना अंगठा घोड्यावर टेकवून ठेवायचा. आत काही चापाला अडकलं तर घोडा मागे सरकायला लागतो आणि ते अंगठ्याला समजतं. हात थांबतो, बार निघत नाही. मी तीस वर्षं असंच ठेवतोय. दोनदा अंगठ्याला जाणवलं. एकदा स्वेटर होता, एकदा नुसताच भास.

शब्दखोर
अवांतर: मराठीत ‘घोडा’ म्हणजे नक्की काय हे आधी ठरवा हो. ‘घोडा दाबला’ म्हणतो तेव्हा आपण चाप ओढतो. ‘घोडा चढवला’ म्हणतो तेव्हा मागचा हातोडा. आणि ‘त्याच्याकडे घोडा आहे’ म्हटलं की अख्खं पिस्तूल. सुरक्षिततेच्या धाग्यावर हा गोंधळ परवडणार नाही.

जुनी खोड
मान्य. या धाग्यापुरतं: बोटाने ओढतो तो चाप, मागे उठतो तो घोडा. पिस्तुलाला पिस्तूलच म्हणा.

चांदणी
तिसऱ्या पर्यायाबद्दल मी लिहिते, कारण चार वर्षं तेच बाळगतेय. घोडा पूर्ण झाकलेलं, पाच गोळ्यांचं, पॉइंट ३८ स्पेशल मापाच्या गोळीचं. स्मिथ अँड वेसनचं ६४२ त्याच घडणीचं, वजन सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास. कपड्यात अडकायला घोडाच नाही. दर वेळी तोच लांब, जड चाप. स्लाइड नाही, मॅगझिन (गोळ्यांची डबी) नाही. गोळ्या आहेत की नाहीत ते सिलिंडर उघडलं की डोळ्यांना दिसतं. ‘चेंबरमध्ये एक राहिली होती वाटतं’ हा प्रकारच नाही.

पण विकणारे जे सांगत नाहीत तेही ऐका. ‘बायकांसाठी सोपं’ म्हणून हे हातात देतात. साफ खोटं. हलकं असल्यामुळे धक्का सणसणीत बसतो, मूठ छोटी, नळी आखूड आणि चाप जड. जड चाप ओढताना नेम हमखास खाली नाहीतर बाजूला खेचला जातो. पहिले सहा महिने माझ्या गोळ्या कागदाच्या बाहेरच जायच्या. आणि चुकलेली गोळी कुठेतरी जाऊन लागतेच ना, मग सुरक्षितता कसली?

माझ्या आईच्या बोटांत संधिवात. तिला रिव्हॉल्व्हरचा चापही झेपेना आणि पिस्तुलाची स्लाइडही ओढवेना. तिच्यासाठी शोधताना कळलं की मऊ स्प्रिंगची, सोप्या स्लाइडची पिस्तुलंही निघतात. स्मिथ अँड वेसनने २०१८ मध्ये शील्ड ईझी काढलं ते तसंच. बेरेटाच्या टॉमकॅटच्या नळीचं मागचं टोक वर उचलतं, स्लाइड न ओढता गोळी थेट नळीत ठेवता येते. शेवटी आईने काहीच घेतलं नाही, दाराला चांगली कडी बसवली. तो वेगळा विषय.

बिनधास्त बंड्या
ताई, पाचच गोळ्या?

चांदणी
दादा, पाच लागतात तिथे. तुमच्या पंधरा कुठे लागतात?

तिरपी रेघ
दुसऱ्या पर्यायाला कोणीच हात घातला नाही. अंगठ्याची सेफ्टी असलेलं मी वापरतो. लोक म्हणतात घाईत काढायची राहून जाते. राहते ना, सराव नसेल तर. कोल्टचं १९११ नावाचं पिस्तूल वापरणारे शंभराहून जास्त वर्षं घोडा चढवून, सेफ्टी लावून फिरतायत. त्याला मागे मुठीतही एक सेफ्टी आहे, हाताने घट्ट धरल्याशिवाय सुटत नाही. काढता काढता अंगठा खाली फिरवायचा, ठेवता ठेवता वर. हे हाताच्या सवयीचं काम आहे, विचार करून होत नाही. मी रोज रात्री वीस वेळा रिकाम्या पिस्तुलाने करतो.

माझं मत असं की सेफ्टीचा खटका काढताना उपयोगी नसतो, ठेवताना असतो. काढताना बोट चापाबाहेर असतं, नजर समोर असते, हात ताणलेला असतो. ठेवताना माणूस सैलावलेला असतो, अंगाला कंप सुटलेला असतो, नजर खाली नसते. अपघात तिथे होतात. म्हणून ठेवताना चापाच्या आड आणखी एक अडसर असलेलं मला बरं वाटतं.

फक्त एक: दोन पिस्तुलं आलटूनपालटून बाळगू नका, एकाला खटका आणि एकाला नाही असं. हात गोंधळतो.

जुनी खोड
‘काढताना नाही, ठेवताना’ हे तिरपी रेघ यांनी नेमकं पकडलं. धाग्याच्या नावाखाली लिहून ठेवा.

काठावरचा
सगळ्यांचे आभार. डोकं भणभणलंय. एक राहिलं. पडल्यावर काय होतं? माझ्या हातून वस्तू पडतात. मोबाइलची काच तीनदा बदललीय.

जुनी खोड
सगळ्यात आधी: पडणारं पिस्तूल झेलायचं नाही. पडू द्यायचं. झेलताना बोट चापात जातं, आणि पडून झाले नसते ते बार झेलताना झालेत. हात मागे, पाय बाजूला, पडलं की मग उचला.

आता यंत्राचं. पडल्यावर बार निघायची दोन कारणं. एक, नळी जमिनीवर आपटली की फायरिंग पिन स्वतःच्या वजनानेच पुढे जाऊन गोळीच्या टोपीवर बसते. जुन्या १९११ मध्ये पिनला आडवं काही नव्हतं. कोल्टने १९८३ च्या सीरिज ८० मध्ये चापाशी जोडलेली अडसर-खुंटी घातली. आजच्या बहुतेक पिस्तुलांत ती असते, पण जुनं घेत असाल तर विचारा. जुन्या सिंगल ॲक्शन (घोडा दर वेळी हाताने चढवायच्या) रिव्हॉल्व्हरांत घोड्याचं टोक थेट गोळीवर टेकायचं, म्हणून शहाणे लोक सहाच्या जागी पाचच भरायचे आणि घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचे. रूगरने १९७३ मध्ये मधे सरकपट्टी घातली. चाप ओढलेला असेल तरच ती वर येते आणि घोड्याचा ठोका पिनपर्यंत पोचवते. तेव्हापासून त्यांच्या रिव्हॉल्व्हरांत सहा भरता येतात.

दुसरं कारण अलीकडचं. मागची बाजू आपटली की चाप स्वतःच्याच वजनाने मागे झटकतो. २०१७ मध्ये सिग सावरने आपल्या पी-३२० पिस्तुलासाठी ऐच्छिक सुधारणा जाहीर केली, त्यात चाप हलका केला, तो याचसाठी. ग्लॉकच्या चापातलं ते पातं तुम्हाला क्षुल्लक वाटतं ना, ते इथे कामाला येतं.

आणि चाप ‘गुळगुळीत’ करायला कुणाकडे देऊ नका. बाळगायच्या हत्यारात हलक्या स्प्रिंगा घालून घेणारे भेटतात. तो चाप स्पर्धेत शोभतो, पोटावर नाही.

रानवाटा
उशिरा आलो. मी शिकवतो, म्हणून बोलायचं धाडस करतो. आत्तापर्यंत सगळे पिस्तुलाबद्दल बोलले, पण माझ्या वर्गात येणाऱ्यांचं अर्धं आयुष्य होल्स्टरने वाचतं किंवा जातं.

चापाचं संपूर्ण कडं झाकलं पाहिजे, दोन्ही बाजूंनी, आणि बाहेरून बोटाने दाबलं तरी चापापर्यंत पोचता कामा नये. कडक प्लास्टिकचं, साच्यात बसवलेलं घ्या. पिस्तूल बाहेर काढल्यावर तोंड उघडंच राहिलं पाहिजे. मऊ चामड्याचं जुनं झालं की त्याची कड आत दुमडते, आणि पिस्तूल आत ढकलताना तीच दुमडलेली कड चाप ओढते. हे होतं. एकाच घडणीच्या सर्वांसाठी म्हणून विकलं जाणारं कापडी पाकीट तर हातातही घेऊ नका. आणि पट्टा जाड हवा, लेचापेचा पट्टा असेल तर पिस्तूल झुकतं आणि तुम्ही दिवसभर ते सावरत बसता. जितक्या वेळा हात लागतो तितक्या वेळा धोका.

कुठे लावायचं? पुढे पोटाशी लावलं की झाकायला सोपं, काढायला जलद. पण नळी मांडीच्या मोठ्या रक्तवाहिनीकडे बघते. नवख्याने पुढे लावू नये असं मी सांगतो. उजव्या कमरेला, किंचित मागे लावा. तिथे चूक झाली तर बहुधा मांस जातं, जीव जायचा धोका कमी. पुढेच लावायचं असेल तर ठेवताना कंबर पुढे काढा, म्हणजे नळी अंगापासून दूर जाते. पिस्तुलाकडे नीट बघत, सावकाश ठेवा. ठेवण्याची स्पर्धा नसते.

आणखी सोपं म्हणजे, सकाळी होल्स्टर अंगाबाहेर असतानाच पिस्तूल त्यात बसवा आणि मग दोन्ही मिळून पट्ट्यात खोवा. रात्री तसंच होल्स्टरसकट काढा. दिवसातून दोनदाच हाताळणी, आणि दोन्ही वेळा चाप झाकलेला.

ग्लॉकवाल्यांसाठी: स्लाइडच्या मागच्या झाकणाऐवजी बसणारा एक बिजागरी पत्रा मिळतो. चाप मागे जाऊ लागला की तो उचलतो, अंगठ्याला घोड्यासारखीच खूण मिळते. आजोबांचा अंगठा स्ट्रायकरलाही लावता येतो.

जुनी खोड
बघा, म्हातारपणी नवीन शिकलो.

बिनधास्त बंड्या
हे माहीत नव्हतं. घेतो. ‘विसरा’ मागे.

चांदणी
मुलाचं कोणीच बोलेना म्हणून मी. काठावरचे, जड चाप म्हणजे मुलापासून संरक्षण असं डोक्यात असेल तर आत्ताच काढा. मुलं पिस्तूल आपल्याकडे फिरवून दोन्ही अंगठ्यांनी चाप ढकलतात. पाच किलो दोन अंगठ्यांना जमतात. अंगावर नाही तेव्हा कुलपात. उशीखाली नाही, कपाटावर नाही, पर्समध्ये तर नाहीच. पर्समध्ये बाळगणाऱ्या मैत्रिणींना मी हेच सांगते: मूल बिस्किटासाठी पर्समध्ये हात घालतं, नेहमीच घालतं.

तिरपी रेघ
आणि जिथे कोणी लिहीत नाही तो प्रसंग: संडास. पट्टा सोडल्यावर पिस्तूल कुठे? खुंटीला अडकवलं की विसरून बाहेर येता. टाकीवर ठेवलं की घसरतं. होल्स्टरमधून काढूच नका. खाली सरकवलेल्या पँटमध्ये, होल्स्टरसकट, दोन्ही पायांच्या मधे राहू द्या. हसू नका, याचा सराव घरी करा.

रानवाटा
हसण्यासारखं नाहीच. तिथे विसरलेल्या पिस्तुलाबद्दल मी जितक्या वेळा ऐकलंय तितक्या वेळा चोरांबद्दल ऐकलं नाही.

रिकामं करण्याचा क्रमही लिहून ठेवतो, कारण चेंबर भरून बाळगायचं ठरलं तर हे रोज येईल. आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड. उलटं केलं तर स्लाइड एक गोळी बाहेर टाकते आणि मॅगझिनमधली दुसरी आत भरते. मग तुम्ही मॅगझिन काढता, रिकामं समजता आणि चाप ओढता. ब्राउनिंग हाय पॉवरमध्ये १९३५ पासून मॅगझिन काढलं की चाप चालत नाही. पण तुमच्यात तशी सोय असेल-नसेल, तिच्यावर विसंबू नका. स्लाइड मागे अडकवा, आत बघा, करंगळी घालून चाचपा. ग्लॉकसारख्या काही पिस्तुलांत खोलायच्या आधी चाप ओढावाच लागतो, म्हणजे साफसफाई करताना हा क्रम जिवावरचा. सिगच्या पी-३६५ सारख्यांत तो ओढावा लागत नाही. भित्र्या माणसाने निवडताना हेही बघावं. भित्रा हा शब्द मी कौतुकाने वापरतोय.

तीच गोळी रोज आत-बाहेर करू नका. पुन्हापुन्हा आपटून शिसं काडतुसात मागे सरकतं, आतली जागा कमी होते आणि दाब वाढतो. शेजारी नवी गोळी ठेवून उंची ताडून बघा. आखूड दिसली की बाजूला.

काठावरचे, रिकाम्या चेंबरच्या तुमच्या कल्पनेत एक गोष्ट चांगली आहे, ती वाया घालवू नका. स्ट्रायकरवालं पिस्तूल पूर्ण रिकामं करा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा. स्लाइड ओढून स्ट्रायकर ताणा आणि मॅगझिन न घालता ते होल्स्टरमध्ये ठेवून घरात पंधरा दिवस वावरा. वाका, झोपा, मुलाला उचला, दहादा ठेवा-काढा. रोज रात्री तपासा, स्ट्रायकर ताणलेलाच आहे की सुटला. सुटला नाही तर यंत्राने आणि होल्स्टरने परीक्षा पास केली. सुटला तर का सुटला ते शोधा.

काठावरचा
रानवाटा, तुम्ही सांगितलं तसंच केलं. ओळखीच्या माणसाकडून स्ट्रायकरवालं सरावासाठी मिळालं, सोबत कडक होल्स्टर. पहिले आठ दिवस काही नाही. वाकलो, पडवी झाडली, मुलगा पाठीवर बसला, दर रात्री स्ट्रायकर ताणलेला. खरं सांगतो, नवव्या दिवशी तर मी हसायला लागलो होतो. बंड्या बरोबर, उगाच घाबरतोय, असं वाटायला लागलं.

नवव्या दिवशी संध्याकाळी पाऊस आला म्हणून जॅकेट चढवलं. काढलं-ठेवलं चार-पाच वेळा, गप्पा मारत. रात्री तपासलं तर स्ट्रायकर सुटलेला. कधी सुटला ते मला ऐकूही आलं नव्हतं, टक् असा आवाज झाला असेल तर पावसात विरला.

पुन्हा जॅकेट घालून, हळूहळू, आरशासमोर बघितलं. जॅकेटच्या खालच्या नाडीला गोल मणी असतो, कमर आवळायचा. पिस्तूल आत जाताना तो मणी चापाच्या कड्यात शिरतो. होल्स्टरची चूक नाही, पिस्तुलाची नाही. तो मणी मी तीन वर्षं बघत होतो.

जुनी खोड
अंगठा कुठे होता?

काठावरचा
कुठेच नव्हता. गप्पा मारत होतो.

तर निर्णय: घोडा असलेलं डबल ॲक्शन घेतोय. रेंजवर दोनशे गोळ्या मारल्या. पहिली दर वेळी खाली जाते, चांदणीताई म्हणाल्या तसंच. रोज रात्री कोरडा (बिनगोळीचा) सराव चालू आहे. गोळी चेंबरमध्ये ठेवणार, पण पहिल्या गोळीचा नेम बसेपर्यंत घराबाहेर पिस्तूल नाही. लोखंडी पेटी आधीच आणली, भिंतीला बोल्ट मारून बसवली. मुलाने विचारलं यात काय आहे. खरं सांगितलं. म्हणाला, मग चावी कुठे ठेवतोस? ते नाही सांगितलं.

तिरपी रेघ
आणि जॅकेटचं काय केलं?

काठावरचा
नाड्या ओढून काढल्या, टोपीचीसुद्धा. आता वारा आला की टोपी मागे उडते आणि डोकं भिजतं.